पावसाळी भाग

नाना,

चार दिवसांपूर्वी सायकलवाले आले होते. तुमच्या मंडळातले हिंडते-फिरते असे आता तेच उरलेत. सायकलचं दुकान मुलगा बघतो, गुडघ्यांमुळे ह्यांना सायकलवर टांग टाकता येत नाही, तरी आपल्या घराची चढण चढून चालत आले. ओटीवर टेकले, पंच्याने मान पुसली आणि म्हणाले, "बाय, आत का उभी तू? बाहेर ये. आता कोण ओरडणार आहे तुला?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की केस पांढरे झाले, नातवंडं झाली, तरी ह्या माणसाशी बोलताना मी आपोआप उंबऱ्याच्या आत थांबले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्ही घालून दिलेली जागा माझ्या पायांनी अजून सोडलेली नाही. पहिला राग मला तिथेच आला.

मंडळाच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढायची आहे म्हणाले. कंपाउंडर अंथरुणावर आहेत, ते आहेत तोवर काढायची. "नानांवर तू लिही. चार गोड शब्द लिही, म्हणजे झालं." मी विचारलं, गोडच का? तर म्हणाले, "अगो, गेलेल्या माणसावर कोण कडू लिहितो काय? आणि नाना म्हणजे देवमाणूस. त्या विहिरीच्या गोष्टीचा शेवट आठव. काय लिहिला होता त्यांनी! त्या मूळ लिहिणाऱ्या साहेबाने त्यांच्यापुढे पाणी भरलं असतं." मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. ते गेल्यावर कागद घेऊन बसले आणि तीन दिवस गोड शब्द शोधले. मिळाले नाहीत असं नाही, पण प्रत्येक गोड शब्दाखाली हे दुसरं काहीतरी निघत गेलं. म्हणून आधी हे तुम्हांला लिहिते आहे.

मंडळाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात बंदरावरून करावी लागेल. तुम्ही कस्टममध्ये कारकून. मुंबईच्या गोदीत कामाला असलेले आपल्या बाजूचे एक तांडेल परदेशी जहाजांवरून गोऱ्या खलाशांनी टाकून दिलेली मासिकं गोळा करायचे आणि आगबोटीच्या बटलरकडे देऊन तुम्हांला पाठवायचे. पहिल्या गठ्ठ्यातल्या एका मासिकाला वेष्टन नव्हतं आणि त्याच्या आतल्या चित्रात लोखंडी गोळ्यात बसून माणसं चंद्राकडे निघाली होती. तुम्ही ते चित्र आईला दाखवलंत, सायकलवाल्यांना दाखवलंत, सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरना दाखवलंत, आणि पुढच्या रविवारी आपल्या ओटीवर चार माणसं जमली. मी तेव्हा परकर-पोलक्यातली होते. हीच मंडळी पुढे 'अद्भुत वाचक मंडळ' झाली. वर्गणी नाही, पगार नाही, ज्याला जे येतं ते त्याने करायचं. सायकलवाले दिवा आणायचे आणि गठ्ठा बंदरावरून घरी पोचवायचे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून लिहून कंपाउंडरांचं अक्षर मोत्यासारखं झालेलं, ते हस्तलिखित अंकाची नक्कल करायचे. ड्रॉइंग मास्तर चित्रं काढायचे. गावात तुम्हांला चांदोबाची मंडळी म्हणत. तुम्ही बाजारातून चाललात की कोणीतरी हाक मारायचं, "काय नाना, वरची बोट कधी सुटतेय? आमच्या सासूबाईंचं तिकीट काढा, जायचंच फक्त." तुम्ही हसून म्हणायचात, "जागा आहे, पण त्या तिथे भांडतील." ते तुमचं हसणं मला आवडायचं. ते मी गोड शब्दांत घालीन.

हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर मंडळाचे स्वयंसेवक कोण ते लिहिलेलं असे. त्यात दिवा आणणारा होता, दौत भरणारा होता. दर रविवारी चुलीसमोर बसून सगळ्यांचे पोहे करणारी, ओलं खोबरं खवून हात दुखेपर्यंत खवणीवर बसणारी बाई त्यात कधीच नव्हती. आई एकदा मला म्हणाली होती, "त्यांच्या त्या चंद्रावर चूल कोण पेटवतं, ते वाच हो कधीतरी." मी वाचलं. कुठल्याच गोष्टीत तसं काही नव्हतं.

मला मुंबईला आत्याकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातलंत, तेव्हा लोकांनी तुमची पाठ थोपटली. मुलीला इंग्रजी शिकवणारा बाप. आगबोटीच्या डेकवर वळकटीवर बसवून माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "खूप शीक बाय." आज तो हात आठवला की मी स्वतःलाच विचारते, शीक म्हणजे किती? तुमचं इंग्रजी कस्टमपुरतं होतं, पेट्या, गाठोडी आणि जकात. कंपाउंडरांचं औषधांपुरतं. ड्रॉइंग मास्तर चित्रावरून गोष्ट ओळखू बघत. मंडळाला गोष्टींतलं इंग्रजी वाचणारं माणूस हवं होतं आणि ते तुम्ही घरातल्या घरात तयार करून घेतलंत. सिस्टर आम्हांला हात पाठीमागे बांधून, मान सरळ ठेवून मोठ्याने वाचायला लावत. त्या मला म्हणत की तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. तो आमच्या माजघरातून ओटीपर्यंत जावा म्हणूनच जणू देवाने दिला होता.

कारण सुट्टीत घरी आले की मी बसत असे माजघरात. दाराच्या आत, उंबऱ्याला गुडघा लावून. परपुरुषांच्या बैठकीत वाढती मुलगी नको, हा तुमचा नियम. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायची, मग ते मराठीत सांगायची, मग थांबायची. तुम्ही चष्मा काढून डोळे मिटून बसलेले असायचात. म्हणायचात, "मग?" की मी पुढचं वाक्य वाचायची. मला दारातून तुमची पावलं आणि सायकलवाल्यांच्या धोतराचा काठ एवढंच दिसे. त्यांना काही विचारायचं असलं तर ते मला विचारत नसत. "नाना, तिला विचारा, ते यंत्र गोल की लांबोळकं?" मी हाताच्या अंतरावर. तुम्ही म्हणायचात, "बाय, गोल की लांबोळकं?" मी सांगायची, "लांबोळकं." आणि तुम्ही तेच पुन्हा त्यांना सांगायचात, जसं काही माझा आवाज उंबऱ्यावरच सांडला असता. एका गोष्टीत बाई विमान चालवत होती. तुम्ही सगळे खूश झालात. पुढच्या काळात असंच होणार, म्हणालात तुम्ही, बायका पुरुषांच्या बरोबरीने बसतील. आणि मग आत वळून म्हणालात, "बाय, दार जरा लोटून घे, वारा येतोय."

हे सगळं मी तुम्हांला माफ केलं असतं. त्या काळी सगळ्यांच्याच घरी दारं होती. मला जे माफ करता येत नाही ते त्या एका वर्षाचं आहे.

मंडळाची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. पावसाळ्यात समुद्र बंद. मेअखेर शेवटची आगबोट गेली की गणपती होईपर्यंत मुंबईहून काही येत नसे. मासिकातली क्रमशः गोष्ट जिथे असेल तिथे अडकायची. मग त्या चार महिन्यांत पुढचे भाग मंडळानेच लिहायचे. ह्यांना पावसाळी भाग म्हणत. समुद्र उघडला की खरे भाग यायचे आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, कोणाचा सरस ते हात वर करून ठरवायचं. पावसाळ्यात मी मुंबईला शाळेत असायची, त्यामुळे पावसाळी भाग मी पाहिले ते फक्त हस्तलिखितात, नाताळच्या सुट्टीत. एखादा फारच फुसका असायचा. तसं मी तुम्हांला पत्रात कळवायचीही, आणि तुम्ही उत्तर द्यायचात की मग तूच ये आणि लिही. मी ते थट्टेवारी घेतलं होतं.

त्या वर्षी मी मॅट्रिकला जाणार होते. मेची सुट्टी संपत आली, पेटी भरली, आईने आंबापोळी आणि लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून घातली. मुंबईहून येणारी बोट आपल्याकडे थांबून पणजीला जायची आणि परतताना पुन्हा थांबायची. जाताना तिने मासिकांचा शेवटचा गठ्ठा टाकला. परतताना तिने मला न्यायचं होतं. आणि तुम्ही वाचन ठेवलंत ते नेमकं परतीच्या दिवशी, दुपारी. मी म्हटलं, "नाना, धक्क्यावर लवकर जायला हवं." तुम्ही म्हणालात, "भोंगा ऐकू येतो ना इथे? एवढासा तर भाग आहे."

गोष्ट होती पृथ्वीच्या आरपार खणलेल्या विहिरीची. एका इंजिनियरने ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत विहीर खणली आहे आणि तो पाळण्यात बसून माणसांसकट खाली निघाला आहे. सायकलवाल्यांनी पहिल्याच पानाला तोंड घातलं, "नाना, विचारा तिला, पाणी कुठे लागलं?" मी सांगितलं, पाण्याचं काही लिहिलेलं नाही. "आमच्याकडे जांभ्यात वीस हात गेलं की ओल धरते. हा पृथ्वी भेदून गेला आणि ठणठणीत कोरडा? ह्याने विहीर कधी बघितलेली नाही." सगळे हसले, आत मीही हसले. तेवढ्यात भोंगा झाला. मी थांबले. तुम्ही म्हणालात, "मग?" मी म्हटलं, "नाना, बोट." तुम्ही म्हणालात, "नांगर टाकेल, पडाव जाईल, माणसं चढतील. मग?" मी वाचत गेले. पाळणा पृथ्वीच्या बरोबर मध्यावर आला आणि थांबला. तिथे वजन नाही, खाली नाही, वर नाही. माणसं तरंगताहेत आणि पाळणा हलत नाही. पुढील अंकी चालू.

सायकलवाल्यांनी माझी पेटी कॅरियरला बांधली आणि उतारावरून सायकल सोडली. मी आणि तुम्ही मागून धावत. आपल्या मांडवीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा उतारू बोटीवर पोचवून पडाव रिकामे परत येत होते आणि बोटीने तोंड फिरवलं होतं. मी पेटीवर बसून रडायला लागले. तुम्ही खाली वाकलात. मला वाटलं जवळ घ्याल. तुम्ही म्हणालात, "बाय, लोक बघतायत."

घाटातून कोल्हापूरला मोटर जात होती. आई दोनदा म्हणाली की तिकडून पाठवा. तुम्ही म्हणालात, मुलगी एकटी कशी पाठवू, आणि मला रजा नाही. पाऊस लागला आणि तो विषयही संपला. पुढच्या रविवारी तुम्ही मला एक हिरवं फाउंटन पेन आणून दिलंत. बाजारातल्या सगळ्यात चांगल्या दुकानातलं. म्हणालात, "आता आलीच आहेस तर विहिरीचा पावसाळी भाग तू लिही." आलीच आहेस. जशी मी पाहुणी होते.

मी लिहिला. कौलांवर पाऊस वाजतोय, माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतोय, आई शेजारी फणसाच्या आठळ्या सोलते आहे आणि मी लिहिते आहे. मध्यावर अडकलेल्या त्या पाळण्यात मी इंजिनियरची मुलगी घातली, माझ्या वयाची. सगळी मोठी माणसं वर कसं जायचं ह्यावर वाद घालत असतात. ती मुलगी म्हणते, आपण मध्यावर आहोत, इथून कुठेही गेलं तरी वरच. विहिरीच्या कडेला कामगारांनी ठोकलेली लोखंडी शिडी असते. ज्या टोकाहून आले तिकडे परतायचं नाही असं ठरवून ती दुसऱ्या टोकाकडे चढायला लागते. सुरुवातीला अंगाला वजनच नसतं, मग हळूहळू वजन परत येतं, हात सोलवटतात, आणि एका अनोळखी गावात, अनोळखी उन्हात ती बाहेर डोकं काढते. मी ते आईला वाचून दाखवलं. आठळ्या सोलायचं थांबवून तिने विचारलं, "परत येते ना पण?" मी म्हटलं, "ते अजून ठरवलं नाही."

तुम्ही ते एकट्याने वाचलंत, आणि रविवारी मंडळात वाचून दाखवलंत तुमच्या आवाजात. मी दाराआड. माझंच वाक्य नि वाक्य, फक्त मुलीच्या जागी इंजिनियरचा मुलगा होता. ओटीवर टाळ्या पडल्या. लोक गेल्यावर मी विचारलं. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "एवढी शिडी मुलगी चढेल, हे वाचणाऱ्याला पटत नाही गो." पृथ्वी आरपार खणलेली पटली, नाना. पाणी लागलं नाही ते हसत हसत पटवून घेतलंत. माणसं हवेत तरंगलेली पटली. मुलगी शिडी चढलेली तेवढी पटली नाही. कंपाउंडरांनी मोत्यासारख्या अक्षरात मुलगा लिहून घेतला. खाली लिहिलं, लेखक: मंडळ. आणि मंडळ म्हणजे तुम्ही, हे सायकलवाल्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं असणार.

गणपती झाले, बोटी सुरू झाल्या, खरा भाग आला. त्यात इंजिनियरने कसलीशी कळ दाबली आणि पाळणा सुरू झाला, बस. मी वाचून संपवलं तेव्हा तुमचं "मग?" सुद्धा आलं नाही. सायकलवाले म्हणाले, "हे खोटं. असं झालंच नाही. शिडीचं तेच खरं." हात वर करून ठरलं की मूळ लेखकाचं चुकलं आहे, आणि मासिकाच्या अंकावर, छापील गोष्टीच्या शेवटी, कंपाउंडरांनी लाल शाईने लिहिलं: चूक, आपला भाग पाहावा. ह्या एका गोष्टीसाठी मला तुमचं मंडळ अजून प्रिय आहे. दुसऱ्या कुठल्या गावाने हे केलं असतं? पण त्याच बोटीने माझ्या पत्राला शाळेचं उत्तरही आलं होतं. माझी जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. पुढच्या वर्षी बघू, म्हणालात. पुढच्या वर्षी तुम्ही मला राजापूरला दिलंत. माणसं भली होती, तक्रार नाही. मी मॅट्रिक झाले नाही ते झालेच नाही.

इतकी वर्षं मी ते असं धरून चालले होते की तुम्ही गोष्टीत रंगलात आणि बोट विसरलात. खरं सांगायचं तर त्यात मला थोडा अभिमानही होता. मी असं वाचलं की माझ्या वडिलांना भोंगा ऐकूनही ऐकू आला नाही. नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, हसून सांगितलं. मग तुमच्यामागे, माझी मुलगी कॉलेजसाठी पुण्याला निघाली तेव्हा, मी तिला घेऊन इथे आईकडे आले होते. आई कोकमाच्या आगळासाठी रातांबे फोडत बसली होती, बोटं लालभडक. मी बोटीची गोष्ट पुन्हा मुलीला सांगायला लागले. आई मान वर न करता म्हणाली, "तिकीट काढलंच नव्हतं गो त्यांनी. मी पेटी भरत होते तेव्हा मला म्हणाले, भर, पण ती जाणार नाही. एवढा गठ्ठा आलाय, चार महिने वाचणार कोण?"

एवढंच म्हणाली आणि रातांबा फोडला. मी तिला विचारलं नाही की तू तेव्हा गप्प का राहिलीस. तिचा उंबरा माझ्यापेक्षाही आत होता.

नाना, तुम्ही विसरला असतात तर तुम्ही माझे वेंधळे वडील राहिला असतात. तुम्ही तर भोंगा ऐकत बसला होतात. डोळे मिटून, पाय हलवत, मोजून मापून "मग?" म्हणत होतात. मी धावले त्या उतारावर तुम्हीही माझ्याबरोबर धावलात, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. न काढलेल्या तिकिटासाठी धावलात. चंद्रावर माणूस उतरला तेव्हा तुम्ही नव्हतात, आणि तुम्हांला ते मिळालं नाही ह्याचा मला आनंद झाला होता. असा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

सायकलवाल्यांसाठीचा मजकूर आज लिहून झाला. तुमच्यावर एक पान आहे, त्यात बाजारातलं हसणं आहे, तांडेलांचा गठ्ठा आहे, आईचे पोहे आहेत. बाकीच्या पानांवर मी विहिरीचा पावसाळी भाग आठवून पुन्हा लिहिला आहे. शिडी मुलगीच चढते. खाली माझं नाव घातलं आहे, माहेरचं. उद्या ते इथे येतील तेव्हा मी बाहेर बसून त्यांना वाचून दाखवीन, आणि त्यांना काही विचारायचं असलं तर मला विचारतील.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तर एक सांगून टाकते. चंद्रावरची ती बातमी सकाळी रेडिओवर इंग्रजीत चालली होती. घरात मी एकटीच होते. मी प्रत्येक वाक्य ऐकत होते आणि मोठ्याने मराठीत सांगत होते, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते, तुम्ही "मग?" म्हणायला जेवढा वेळ घेत होतात, तेवढा.